वाईट बातमी वर येऊ द्या

होळी, वसई (प.),
जि. पालघर

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,



करोनाच्या दिवसांत आपण आमच्या पालघरचे पालकमंत्री होता. त्यामुळे वसईतली शाळा आणि मोखाड्यातली शाळा यांतले अंतर आपल्याला वेगळे सांगायला नको. मी अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो आहे. सकाळी होळीच्या बाजारात भाजीला निघालो की भेटणाऱ्यांत निम्मे माजी विद्यार्थी असतात आणि उरलेले शिक्षक. शिक्षक भेटला की पिशवी खाली ठेवावी लागते, कारण त्याचे बोलणे लवकर संपत नाही. पगार, बदली, मतदारयादीची बीएलओ ड्युटी हे सगळे त्यात असतेच. ती निवेदने संघटना आपल्याला देतात आणि त्या भाषेत लिहायला मला जमतही नाही. मी लिहितोय ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी.

शाळेतली वाईट बातमी वर्गाबाहेर पडत नाही. बाई ती मोठ्या सरांना सांगत नाहीत, मोठे सर केंद्रप्रमुखांना सांगत नाहीत, केंद्रप्रमुख विस्तार अधिकाऱ्यांना. आपल्या टेबलावर येतात ते शंभर टक्क्यांचे तक्ते. शाळेत एकमेकांवर विश्वास आहे की नाही हे स्नेहसंमेलनातल्या भाषणांवरून कळत नाही. ‘हे मला जमले नाही’ असे शिक्षक मुख्याध्यापकाला तोंडावर सांगू शकतो का, यावरून कळते. आज बहुतेक ठिकाणी तो सांगत नाही. आणि त्याचे न सांगणे शहाणपणाचेच ठरते, अशी व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून केली आहे.

पाठाचे टाचण आधी लिहून ठेवायची टाचणवही घ्या. सोमवारी वह्यांची चळत मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाते. गेल्या वर्षीच्या वहीवरून यंदाची उतरवलेली, तारखा बदललेल्या. हेतू तेच, साहित्य तेच, ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ हे वाक्यही तेच, आणि तेही पाठ शिकवण्याआधीच लिहिलेले. मुख्याध्यापक पान न वाचता हिरव्या शाईने सही करतात, कारण शिक्षक असताना त्यांनीही असेच उतरवलेले असते. एका शाळेत तर दिवाळीच्या सुट्टीतल्या तारखेला भूमितीचा पाठ शिकवल्याची नोंद मी सही-शिक्क्यासह पाहिली आहे. त्यावर कोणी हसलेही नाही. लिहिणाऱ्याला ठाऊक की हे खोटे, सही करणाऱ्याला ठाऊक, तपासणीला येणाऱ्यालाही ठाऊक. दर आठवड्याला सही करून घेतलेल्या या खोट्यातून दोन सहकारी एकमेकांबद्दल काय शिकतात, याचा विचार खात्यात कोणी केला असेल असे वाटत नाही.

आता एक खरे बोलणाऱ्या बाई. आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवतात. सभेत त्या म्हणाल्या, माझ्या वर्गातल्या आठ मुलांना जोडाक्षरे वाचता येत नाहीत, परिपाठानंतरचा अर्धा तास मला त्यांच्यासाठी द्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडून हातात कागद पडला : ‘सदर विद्यार्थी अप्रगत राहण्याची कारणे काय, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’ खुलासा गेला. अर्धा तास मात्र मिळाला नाही. पुढच्या चाचणीत आठही मुले तक्त्यावर वाचू लागली. त्या बाई हे रागाने सांगत नव्हत्या, भाजीचा भाव सांगावा तसे सांगत होत्या, आणि मला तेच जास्त लागले.

त्या मुख्याध्यापकांना दोष देणे सोपे आहे, पण ते खरे मुख्याध्यापक तरी आहेत का? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट 150 च्या वर गेला तरच मुख्याध्यापकाचे पद मिळते. खालच्या पटाच्या शाळेत सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाकडे ‘प्रभार’ येतो. त्याचा स्वतःचा वर्ग सुटत नाही. वरून पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, यूडायसची माहिती, पगाराचे शालार्थ पोर्टल, मुलांच्या आधारची पडताळणी, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते. आधार जुळले नाही तर शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत मूल धरले जात नाही, आणि मूल गेले की शिक्षकाचे पद धोक्यात. हे सगळे करून चार वाजता त्याला व्हॉट्सअॅपवर संदेश येतो की सोबतच्या नमुन्यातली माहिती पाच वाजेपर्यंत पाठवा, विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली. या माणसाला आठ मुलांची जोडाक्षरे ऐकू येतील कशी? त्याला ऐकू येतो तो खुलासा, जो उद्या त्यालाच द्यावा लागणार आहे. म्हणून तो आधीच खाली मागून ठेवतो. मीही त्या खुर्चीत असतो तर फार वेगळे केले असते, असे छातीठोकपणे सांगत नाही.

आमच्याकडे आणखी एक तिढा आहे. वसई-विरार महापालिका 2009 च्या जुलैत झाली, पण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्याच राहिल्या. शाळेसमोरचा रस्ता एकाचा, शाळा दुसऱ्याची. जिल्ह्यातले पुष्कळ शिक्षक मराठवाडा-खानदेशातून आलेले, आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणारे. त्यांचे काही चुकत नाही, आईवडील तिकडे म्हातारे होत असतात. पण ज्याचे अर्धे लक्ष बदलीच्या पोर्टलवर आहे आणि ज्याचा प्रभार कधीही काढला जाईल, त्या दोघांनी एकमेकांवर भरवसा ठेवायला शिकायचे कधी?

खासगी अनुदानित शाळांचे दुखणे निराळे. तिथे खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा आणि 1981 ची सेवाशर्ती नियमावली. मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने, म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर येते. ज्येष्ठता यादीत कोण वर, कोण खाली, यावरून स्टाफरूमचे दोन तट पडतात. एक तट चहा आत घेतो, दुसरा कॅन्टीनला जातो. प्रकरण शाळा न्यायाधिकरणात गेले की निकालापर्यंत वर्षे जातात, आणि तोवर दोन्ही अर्जदार एकाच मस्टरवर सह्या करत असतात. शिक्षकाचा गोपनीय अहवाल मुख्याध्यापक लिहितात, मुख्याध्यापकांचा संस्था. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी मिळायची तर हे अहवाल चांगले हवेत. म्हणजे ज्याच्या शेऱ्यावर माझी वेतनश्रेणी अवलंबून, त्याच्यापुढे मी माझ्या वर्गातली अडचण उघडी करायची आहे. वास्तविक देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगून ठेवले आहे की सरकारी सेवकाला अहवालातली प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, फक्त प्रतिकूल नव्हे. आमच्या शाळांत अजून तो अहवाल कपाटातच ठेवला जातो.

आपण म्हणाल, खाते संशय घेते त्याला कारणे आहेत. आहेतच. शिक्षक पात्रता परीक्षेत (टीईटी) पैसे घेऊन गुण वाढवल्याचे प्रकरण 2021 च्या डिसेंबरात उघड झाले. 2025 मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडी देऊन पगार काढल्याचे प्रकरण निघाले. पण साहेब, या दोन्ही ठिकाणी अटक कोणाला झाली ते आठवा. पहिल्यात परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्तच, दुसऱ्यात विभागाचे वरिष्ठ अधिकारी. चोरी माडीवर झाली आणि झडती तळमजल्यावरच्या वर्गांची सुरू झाली. आता सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानंतर वीस-वीस वर्षे शिकवलेल्या बाई टीईटीची गाईडे घेऊन बसल्या आहेत. निकालावर मी बोलणार नाही. पण त्या बाईंना आपल्या खात्याकडून एक शब्द तरी असा गेला का, की तुमच्या वीस वर्षांच्या कामाची आम्हाला किंमत आहे? नोटीस तेवढी गेली.

इथे मला एका नाजूक विषयाकडे यायचे आहे, कारण विश्वास म्हटले की काही जणांना एकमेकांना सांभाळून घेणे वाटते. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचे जे प्रकरण ऑगस्ट 2024 मध्ये झाले, त्यात मुख्य गुन्ह्याइतकाच संताप कशाचा होता? तक्रार वेळेवर पोलिसांपर्यंत गेली नाही याचा, आणि त्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला. आमच्याच वसईत पूर्वेकडच्या एका शाळेत उशिरा आल्याची शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावल्यावर सहावीतल्या एका मुलीची प्रकृती बिघडली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती दगावली. त्या प्रकरणाचा तपास आणि न्याय आपापल्या वाटेने होईल. शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेला मनाई करते, हे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेले असते. मला त्या भिंतीबद्दल विचारायचे नाही. कोणत्याही शाळेत मुले रांगेत उठाबशा काढत असतात तेव्हा व्हरांड्यातून दुसरे शिक्षक जातच असतात. ‘अहो, बस करा’ म्हणायला त्यांना काय आडवे येते? मी सांगतो. आपण म्हणालो तर ते दुसऱ्याच्या वर्गात नाक खुपसणे ठरेल. मोठ्या सरांना सांगितले तर चुगली ठरेल. वर कळवले तर ‘शाळेची बदनामी’. सहकाऱ्याला अडवण्याइतका विश्वास ज्या शाळेत नाही तिथे मूल सुरक्षित नसते, मग सीसीटीव्ही कितीही लावा. कॅमेऱ्याचे चित्रण आपण पाहतो ते घडून गेल्यावर.

असा विश्वास असला की काय फरक पडतो, ते अमेरिकेतल्या शिकागोत दिसले. तिथे 1988 च्या कायद्याने शाळांचा कारभार बराचसा स्थानिक समित्यांकडे गेला. पुढच्या दशकात अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर या संशोधकांनी तिथल्या प्राथमिक शाळांचा पाठपुरावा केला, आणि 2002 मध्ये त्यांचे ‘ट्रस्ट इन स्कूल्स’ हे पुस्तक आले. कायदा सगळ्यांना एकच होता. पण जिथे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांचा एकमेकांवर भरवसा होता तिथे दोनांतली एक शाळा सुधारली. जिथे तो नव्हता तिथे सातांतली एक. त्यांनी भरवसा जोखला तो साध्या गोष्टींवरून : समोरच्याचे ऐकून घेतले जाते का, त्याला काम येते का, नेमून दिलेल्या कामापलीकडे तो दुसऱ्यासाठी काही करतो का, आणि बोलल्याप्रमाणे वागतो का. ज्याच्या हातात अधिकार जास्त त्याने पहिले पाऊल टाकायचे, हेही त्यातून निघते. शाळेत तो मुख्याध्यापक. मुख्याध्यापकाच्या वर मात्र आपण आहात.

शिकागो लांब आहे. डहाणू लोकलने जाता येईल इतक्या जवळ आपल्याच जिल्ह्यात कोसबाड आहे. 1945 मध्ये बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक त्याच्याजवळच्या बोर्डीला आल्या तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. गिजुभाई बधेकांबरोबरचे भावनगरचे काम, 1926 चा नूतन बालशिक्षण संघ, दादरचे शिशुविहार हे सगळे त्यांच्या पाठीशी होते. त्यांच्या हाताखाली आल्या अनुताई वाघ. पस्तिशीच्या, पुण्यात हुजूरपागा शाळेत शिकवणाऱ्या, बालशिक्षणात अगदी नवख्या. आजच्या हिशेबाने एक संस्थाप्रमुख आणि एक प्रोबेशनवरची शिक्षिका. त्यांच्यापुढची पहिली बातमी वाईटच होती : बालवाडी काढली, पण वस्तीतली गरीब घरची मुले येत नाहीत. आज हीच बातमी वर गेली असती तर पटनोंदणीत कसूर केल्याचा खुलासा मागितला गेला असता. तिथे बालवाडीच उठून मुलांच्या अंगणात गेली. पुढे 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांची पोरे सकाळीच गुरे घेऊन रानात जात, तेव्हा शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली. शंख, बिया, पाने, काटक्या हे साहित्य. कुठल्या नियमावलीत हे बसले असते? मला या सगळ्यात ताराबाईंच्या कल्पकतेपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. वर्गात रोज उभी राहणारी बाई काय सांगते त्यावर शाळेची वेळ, जागा आणि रीत बदलत गेली. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. त्यानंतर 1992 मध्ये स्वतः जाईपर्यंत अनुताईंनी ते काम पुढे नेले. 1975 पासून देशभर ‘अंगणवाडी’ नावाची योजना चालते. तिचे नाव या बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगातले आहे हे आपल्या जिल्ह्यातल्या किती अधिकाऱ्यांना ठाऊक असेल?

अलीकडचे उदाहरण साताऱ्याच्या कुमठे बीटचे. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांबरोबर बसून ज्ञानरचनावादाचे काम उभे केले. विस्तार अधिकारी म्हटले की शेरेबुक आणि तंबी एवढेच ओळखणाऱ्या शिक्षकांना ते नवीन होते. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. मग 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय आला, आणि तिथल्यासारख्या गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. फरशीची नक्कल करता येते हो. बाई आणि अधिकारी एका सतरंजीवर बसून ‘हे फसले, आता काय करू’ असे बोलत होत्या, त्याची नक्कल शासननिर्णयाने होत नाही. शाळांमागून शाळा शंभर टक्के प्रगत जाहीर झाल्या. पुढे करोना आला, शाळा बंद राहिल्या. 2022 च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रातल्या तिसरीच्या साधारण चार मुलांतल्या एकालाच दुसरीचा उतारा वाचता आला. ही घसरण सगळी करोनाची, असे म्हणायला मला आवडले असते. पण टाचणवह्या मी करोनाच्या आधीच्याही पाहिल्या आहेत.

मग काय करावे? मोठे काही मागत नाही. पहिल्या सत्राच्या आत जो शिक्षक लेखी कळवेल की माझी अमुक मुले मागे आहेत, त्याच्याकडून खुलासा मागायचा नाही, काय हवे ते विचारायचे, एवढे एक परिपत्रक काढा. आपल्या खात्याची परिपत्रके शिक्षक वाचत नाहीत असे कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. आपल्या संरक्षणाचे परिपत्रक शिक्षक पाठ करतो, जावक क्रमांकासह. टाचण कसे आणि किती लिहायचे हे शाळेवर सोडा. तपासणीत वही मागण्याऐवजी मुख्याध्यापकाने वर्गात बसून पाठ पाहिला का, आणि त्याचा पाठ दुसऱ्या कोणी पाहिला का, हे विचारा. आमच्या काळात एक मुख्याध्यापक होते, ते स्वतःचा गणिताचा तास आधी नवख्या शिक्षकांना पाहायला बोलावत आणि नंतर विचारत, कुठे फसलो? त्यांच्या लॉगबुकातला शेरा कोणाला लागत नसे.

2024 मध्ये आपल्याच खात्याने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची विभागणी करून दिली. ती कागदावर ठीक आहे, पण अशैक्षणिक काम करायला दुसरा माणूसच नसेल तर ते पुन्हा त्याच प्रभारी गुरुजींच्या गळ्यात पडते. प्रत्येक केंद्राला एक लिपिक द्या, लहान शाळांची माहिती तो भरील. मुख्याध्यापकाला एका शाळेत पाच वर्षे तरी राहू द्या. गोपनीय अहवाल पूर्ण दाखवा, सही घेऊन, समोर बसवून. तोंडावर बोलायची सवय दोघांनाही लागेल, सुरुवातीला भांडणे होतील, होऊ द्यात. आणि शिक्षकांनीही मुख्याध्यापकाविषयी वर्षातून एकदा लिहावे, निनावी नको, नावासकट. निनावी अर्जांनी आमच्या शाळांचे जेवढे वाटोळे केले आहे तेवढे कोणत्याही धोरणाने केले नसेल.

शिक्षक-मुख्याध्यापकांनाही माझे सांगणे आहे, पण ते मी त्यांना इथे बाजारात तोंडावर सांगतो, आपल्याला लिहिलेल्या पत्रातून कशाला सांगू. वरून भीती कमी झाल्याशिवाय त्यांना काही सांगण्याचा मला फारसा हक्क नाही असेही वाटते.

शेवटी एक आमंत्रण. आमच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते, सगळ्या शाळांचे शिक्षक आणि मुख्याध्यापक एकत्र बसतात. एखाद्या परिषदेला आपण या. आगाऊ कळवू नका, नाहीतर त्या शाळेच्या भिंतींना रंग लागेल आणि मुले लेझीम घेऊन उन्हात उभी राहतील. पाठीमागच्या बाकावर बसा आणि एकच विचारा : या महिन्यात तुमच्या शाळेत काय जमले नाही? पहिली दहा-पंधरा मिनिटे कोणी बोलणार नाही, सगळे केंद्रप्रमुखांकडे पाहतील. आपण उठू नका. मग कोणीतरी, बहुधा मागे बसलेल्या बाईच, हात वर करतील. त्यांचे बोलणे पूर्ण ऐका, वहीत लिहून घ्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या शाळेवर कसलीही नोटीस जाणार नाही याची व्यवस्था करूनच मुंबईला परत जा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
होळी, वसई